कड्यावर हात ठेवण्याआधी: आसात्रूतली पहिली शपथ

आसात्रू, म्हणजे ओडिन, थॉर, फ्रेयर या नॉर्स देवांना मानणारा, आज पुन्हा उभा राहिलेला धर्म. आइसलँडमध्ये त्याची संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली आणि १९७३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. या धर्मात नवा आलेला माणूस बहुतेक वेळा एकच घाई करतो. दोन पुस्तकं वाचून झाली की तो एखाद्या देवाच्या नावाने जन्मभराची शपथ घेऊन मोकळा होतो. सहा महिन्यांनी ती त्याला आठवतही नाही. हा लेख ती घाई टाळण्यासाठी आहे. शपथ कधी घ्यावी, तिचं वाक्य कसं बांधावं, सामान काय लागतं, विधी कसा होतो आणि शपथ मोडली तर काय करायचं, ते क्रमाने पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्या हाती असलेलं बहुतेक लिखाण ख्रिस्ती काळातलं आहे. आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि सागा, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथा, लिहिल्या गेल्या त्या त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी. म्हणून खाली जिथे जुना आधार आहे तिथे तसं म्हटलं आहे. बाकीची आजच्या गटांची रीत आहे किंवा आमचा सल्ला आहे.

पहिली पायरी: आपण नेमकं काय देतोय ते ओळखा

मराठीत गळ्याशपथ घालून पाच मिनिटांनी ‘सुटली म्हण’ म्हणता येतं. इथे तसं सुटत नाही. त्यामुळे प्रत्येक वचनाला शपथ बनवू नका. जुन्या नॉर्समध्ये यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. ‘एइद’ म्हणजे साक्षीदारांसमोर, वस्तूवर, बहुतेक वेळा धातूच्या गोल कड्यावर, हात ठेवून घेतलेली शपथ. ‘हेइत’ म्हणजे देवाला बोललेलं. ते पुष्कळदा आपल्या नवसासारखं असतं, अमुक झालं तर तमुक देईन. ‘ग्रिद’ म्हणजे ठरावीक काळ आणि ठरावीक जागेपुरतं दिलेलं अभय. चौथा प्रकार मेजवानीतल्या प्रतिज्ञेचा. ‘ब्रागारफुल’ नावाचा पेला हाती घेऊन, सगळ्यांदेखत, पुढे काय पराक्रम करणार ते सांगायचं.

नवशिक्याचं बहुतेक काम नवसावर भागतं. मुलाखत नीट झाली तर फ्रेयरला एक पाव आणि पेलाभर मीड (मधाची दारू), एवढं पुरे. नवस फेडला की व्यवहार संपला. शपथेत मात्र तुमचं नाव गहाण पडतं आणि साक्षीदारही त्यात ओढले जातात.

दुसरी पायरी: किंमत आधी ठरवा

टीर देवाची कथा नवख्यांना फार आवडते, पण ती नीट वाचली जात नाही. फेनरीर लांडग्याला ग्लेइपनीर या मऊ दोराने बांधायचं होतं. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, दोर तुटला नाही तर मला सोडाल याची हमी म्हणून कुणीतरी माझ्या जबड्यात हात ठेवा. टीरने ठेवला. देवांनी लांडग्याला सोडलं नाही आणि टीरचा हात गेला. म्हणजे ही काही वचन पाळल्याची कथा नव्हे. शब्द खोटा ठरणार हे ठाऊक होतं, त्याची किंमत आधीच जबड्यात ठेवलेली होती आणि वेळ आल्यावर ती भरली गेली.

आजची रीत इथूनच समजते. शपथेच्या वाक्यातच, ती चुकली तर काय भरणार, हे म्हटलं जातं. भरपाईचं प्रमाणही आधीच ठरतं. स्वीडनमध्ये हेल्सिंगलांड प्रांतातल्या फोर्सा गावच्या चर्चमध्ये सुमारे ४३ सेंमी व्यासाचं लोखंडी कडं आहे. त्यावर रुन अक्षरांत दंड कोरलेला आहे: पहिल्या वेळी एक बैल आणि दोन ‘औरर’ (वजनाचं जुनं माप) चांदी, दुसऱ्या वेळी दोन बैल आणि चार, तिसऱ्या वेळी चार बैल आणि आठ. दर वेळी दुप्पट. तुमची भरपाई बैलांची नसेल, पण हा दुपटीचा हिशेब आजही उपयोगी पडतो.

भरपाई अशी हवी की देताना टोचेल, पण तुम्ही कर्जात जाणार नाही. साधारण दोन दिवसांची कमाई किंवा दोन दिवसांचं श्रमदान. ‘माझी हामिंग्या जाईल’, म्हणजे माझं दैवबळ जाईल, ही भरपाई नव्हे. ती मोजता येत नाही.

तिसरी पायरी: कुणाच्या नावाने

लोकांना ओडिनचं नाव घ्यायचं असतं. पण ‘हावामाल’ या ओडिनच्या तोंडी असलेल्या जुन्या उपदेशपर काव्याच्या ११०व्या कडव्यात सरळ म्हटलं आहे की ओडिनने कड्यावरची शपथ घेतली होती, मग त्याच्या शब्दावर भरवसा काय ठेवायचा! सुत्तुंग या राक्षसाला फसवून त्याने काव्याची मीड (जी प्यायल्याने कवित्व येतं) पळवली, त्याबद्दलचं हे कडवं. ओडिनची भक्ती खुशाल करा, पण पहिल्या शपथेला साक्षी म्हणून दुसरं कुणी पाहा.

सगळ्यात सरळ निवड म्हणजे व्हार ही देवी. ‘गिल्फागिनिंग’ या देवकथांच्या जुन्या ग्रंथानुसार माणसांच्या शपथा आणि स्त्री-पुरुषांमधले खासगी करार ती ऐकते आणि मोडणाऱ्याला शिक्षा करते. उल्लर हा देवही जुना पर्याय आहे. ‘आत्लाक्विदा’ या काव्यात उल्लरच्या कड्यावर घेतलेल्या शपथेचा उल्लेख येतो. स्वीडनमध्ये लिल्ला उल्लेवी या जागी, जिच्या नावातच उल्लर आहे, २००७ मध्ये उत्खनन झालं तेव्हा ६५ लहान कडी सापडली. जुन्या आइसलँडी कायद्याच्या शपथेत फ्रेयर, न्यॉर्ड आणि ‘सर्वशक्तिमान आस’ (आस म्हणजे देव) अशी तीन नावं येतात. हा तिसरा कोण, यावर अभ्यासकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

चौथी पायरी: वाक्य बांधणं

खरं काम इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

नमुना जुनाच घ्यावा. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘हौक्सबोक’ या हस्तलिखितात आइसलँडला पहिला कायदा देणारा मानल्या गेलेल्या उल्फल्योत याच्या कायद्यातली शपथ दिली आहे. तिचा मथितार्थ असा: मी साक्षीदारांची नावं घेतो; मी कड्यावर शपथ घेतो, कायद्याची शपथ; फ्रेयर, न्यॉर्ड आणि सर्वशक्तिमान आस मला तशी मदत करोत, जसा मी हा दावा चालवीन, बचाव करीन, साक्ष देईन किंवा निवाडा करीन, मला जे सर्वांत रास्त, खरं आणि कायद्याला धरून म्हणून ठाऊक आहे त्याप्रमाणे.

यात साक्षीदार आधी येतात. मग वस्तू, मग शपथेचा प्रकार, मग देव. काम शेवटी येतं, आणि त्या कामाला हद्द आहे: ‘मला जे ठाऊक आहे त्याप्रमाणे’. न्याय होईलच असं कुणी बोललेलं नाही. स्वतःच्या हातात आहे तेवढंच बोललेलं आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला ‘हावामाल’ मूळ भाषेत वाचायचं आहे. ‘मी हावामाल आत्मसात करीन’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण आत्मसात झालं की नाही हे कोण ठरवणार? ‘रोज वाचीन’ त्याहून वाईट. तापाने फणफणलात की शपथ मोडली. प्रचलित आवृत्त्यांत १६४ कडवी आहेत. आठवड्याला चार घेतली तर ४१ आठवडे लागतात, म्हणजे वर्षात ११ आठवडे हाताशी उरतात. आजारपण, लग्नसराई, परीक्षा, सगळं त्यात मावतं. तेव्हा वाक्य असं:

‘मी या दोघांना साक्षी ठेवतो (नावं). या कड्यावर, व्हार ऐकत असताना, शपथ घेतो की पुढच्या यूलच्या पहिल्या रात्रीपर्यंत हावामालची १६४ कडवी मूळ नॉर्समध्ये, कोशाच्या मदतीने, वाचून वहीत अर्थ लिहीन. तोवर वही पूर्ण झाली नाही तर गावच्या वाचनालयाला दोन दिवसांची कमाई देईन आणि ते या दोघांना कळवीन.’

यूल म्हणजे ऐन हिवाळ्यातला सण. त्याची तारीख गटागटाने बदलते, म्हणून वहीत दिवस आणि महिनाही लिहा.

काही शब्द खोडूनच टाका: नेहमी, कायम, कधीच, मरेपर्यंत, जमेल तसं. पहिले चार पाळता येत नाहीत आणि पाचवा मोडता येत नाही. दुसऱ्या माणसाच्या वागण्यावर शपथ घेऊ नका, ‘भावाची दारू सोडवीन’ अशी. ‘दर रविवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर बैठकीला जाईन, तो येवो न येवो’ अशी घेता येते. औषधं बंद करण्याची, पगार सोडण्याची, कायदा मोडण्याची शपथ कुणी सुचवली तर सुचवणाऱ्यापासूनच लांब राहा.

आणि चलाखी नको. ‘व्हीगा-ग्लूम’च्या सागेत ग्लूमवर खुनाचा आरोप असतो. तीन देवळांत तो शपथ घेतो आणि शब्द असे निवडतो की ‘मी तिथे होतो, मी तिथे मारलं’ आणि ‘मी तिथे नव्हतो, मी मारलं नाही’ दोन्ही ऐकू यावं. नॉर्समध्ये ‘अत’ हा नकाराचा प्रत्ययही आहे आणि ‘त्या जागी’ या अर्थाचा शब्दही. ऐकणारे फसले, पण थोड्याच दिवसांत वाक्याची फोड झाली, खटला पुन्हा उभा राहिला आणि ग्लूमला आपली थ्वेराची वाडी सोडावी लागली. मराठीत श्लेष करणं तर आणखी सोपं आहे, म्हणून सांगितलं. तुमचं वाक्य दोन्ही साक्षीदारांना स्वतंत्रपणे सांगा आणि ‘तुला काय समजलं?’ विचारा. उत्तरं वेगळी आली तर पुन्हा लिहा.

मसुदा झाला की नऊ रात्री थांबा. नऊ हा आकडा परंपरेतला आहे, ओडिन झाडाला नऊ रात्री लटकला होता. पण थांबण्याचा नियम आमचा. दहाव्या दिवशीही वाक्य तसंच हवंसं वाटलं तर पुढे जा. बरेच मसुदे इथेच गळतात, आणि गळाले तर बरंच आहे.

पाचवी पायरी: साक्षीदार

जुन्या कायद्यातही ‘दोन किंवा अधिक’ असंच म्हटलं आहे. तुम्हाला चारचौघांत खडसावू शकेल असा एक निवडा. दुसरा असा की जो वर्षभर तुमच्या संपर्कात राहील. नवरा, बायको किंवा हाताखालचा माणूस नको. त्यांना खरं बोलायची चोरी होते. साक्षीदाराचं काम ऐकणं, लक्षात ठेवणं आणि मुदतीच्या दिवशी विचारणं एवढंच. शपथ माफ करण्याचा अधिकार त्याला नाही. तो फक्त जिला शब्द दिला त्या व्यक्तीला असतो.

सहावी पायरी: कडं

उल्फल्योतच्या कायद्यानुसार मुख्य देवळातलं कडं निदान दोन औररचं हवं. एक ‘एयरिर’ (अनेकवचन औरर) साधारण २७ ग्रॅमचा, म्हणजे ५४ ग्रॅम. ‘एयरबिग्या’ सागेतल्या देवळात वीस औररचं, अर्ध्या किलोहून जड, सांधा नसलेलं कडं होतं. सभेत पुरोहित, म्हणजे ‘गोदी’, ते हातात घालत असे.

चांदी परवडत नसेल तर लोखंड चालतं. लोहाराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून १० मिमीच्या साध्या गोल सळईचं करून घ्या. टीएमटीची सळई नको. तिच्या कडा बोटांना लागतात आणि खाचांत गंज धरतो. आतला व्यास १० सेंमी ठेवा, म्हणजे दोघांना एकाच वेळी धरता येतं. अशा कड्याला साधारण ३५ सेंमी सळई लागते. बांधकामावरचं सूत्र, व्यासाचा वर्ग भागिले १६२, लावलं तर वजन सुमारे २१५ ग्रॅम येतं. योगायोग असा की आठ औररचा एक ‘मोर्क’ जवळपास एवढाच भरतो. सांधा वेल्ड करून घासून सपाट करायला सांगा, आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा.

जुन्या वर्णनात कडं बळीच्या बैलाच्या रक्ताने माखलेलं असे. आज बहुतेक गट मीडचे थेंब शिंपडतात आणि विधी संपताच पुसून घेतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी लोखंडावर तांबूस डाग.

सातवी पायरी: शिंग आणि पेय

शपथ बहुधा ‘सुंबल’मध्ये घेतली जाते. सगळे गोलात बसतात आणि शिंग हातोहात फिरतं. पहिली फेरी देवांची, दुसरी पूर्वजांची किंवा वीरांची, तिसरी स्वतःच्या शब्दाची. ही तीन फेऱ्यांची घडी आधुनिक आहे. ‘हेइम्सक्रिंग्ला’ या नॉर्वेच्या राजांच्या इतिहासात ब्लोतचं, म्हणजे बळीच्या विधीचं, जे वर्णन येतं त्यात ओडिन, मग न्यॉर्ड आणि फ्रेयर, मग ब्रागारफुल आणि शेवटी गेलेल्या आप्तांचा पेला असा क्रम आहे.

आठ माणसं, तीन फेऱ्या, दर घोट २५ मिली, म्हणजे ६०० मिली. साडेसातशे मिलीची एक बाटली पुरते आणि जमिनीवर ओतायलाही थोडी उरते. मीड हल्ली पुण्याजवळही बनते, पण फसफसणारी शिंगात घेऊ नका. न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रस किंवा मधाचं पाणी. त्याने शपथ हलकी होत नाही. पिताना शिंगाचं टोक वर करू नका. आत अडकलेली हवा एकदम सुटते आणि सगळं तोंडावर येतं. टोक बाजूला वळवा, हळूहळू उचला. धुवायला थंड पाणीच घ्या. गरम पाण्याने शिंग मऊ पडून वाकतं.

शपथ घेणाऱ्याने आधीच्या दोन फेऱ्यांत फक्त ओठ लावावेत. योम्सव्हायकिंग या लढवय्यांच्या टोळीचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. डॅनिश राजा स्वेन याच्या मेजवानीत त्यांना सगळ्यात मोठी शिंगं आणि सगळ्यात कडक पेय दिलं गेलं. नशेत त्यांचा म्होरक्या सिगवाल्दी बोलून गेला की तीन वर्षांत नॉर्वेच्या हाकोन यार्लला (यार्ल म्हणजे मोठा सरदार) मारीन किंवा हाकलून देईन. बाकीच्यांनी त्यावर कडी केली. सकाळी जाग आल्यावर त्यांना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. मग योरुंगाव्हागच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि सिगवाल्दी जहाज वळवून पळाला.

आठवी पायरी: प्रत्यक्ष दिवस

यजमानाला मसुदा आधी दाखवलेला असावा. तिसऱ्या फेरीत उभे राहा, उजव्या हाताने कडं धरा. दुसरी बाजू यजमान किंवा गोदी धरतो. वाक्य वाचून दाखवलं तरी चालतं, पाठांतराची परीक्षा नाही. ते संपलं की लगेच पिऊ नका. आता जमलेल्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. काही गटांत त्यासाठी ‘थुल’ नावाचा माणूस नेमतात. मुदत कधीची? कोण तपासणार? आजारी पडलात तर? उत्तर नसेल तर शिंग पुढे सरकवा आणि खाली बसा. यात कमीपणा काहीच नाही. ज्यांनी ते शिंग हाती घेतलं त्या सगळ्यांच्या दैवावर तुमच्या शब्दाचा भार पडतो असं मानतात, म्हणून यजमान थेट नकारही देऊ शकतो.

होकार मिळाला की घोट घ्या, साक्षीदारांना शिंग द्या, आणि त्याच रात्री वहीत तारीख, वाक्य, मुदत, भरपाई आणि सह्या.

गटाने शपथ मागितली तर

आइसलँडच्या संस्थेचं सदस्यत्व राष्ट्रीय नोंदणी कार्यालयात इतर धर्मांप्रमाणेच नोंदवलं जातं. छोटे गट मात्र निष्ठेची शपथ मागतात. वर्षभर जाणं-येणं झाल्याशिवाय ती देऊ नका, आणि तेव्हाही दोन्ही बाजूंची कर्तव्यं लिहून घ्या. गटप्रमुख तुम्हाला काय देणं लागतो हे वाक्यात नसेल तर ती शपथ नाही, पट्टा आहे. वंशाच्या शुद्धतेची भाषा ऐकू आली तर तिथून निघा. ‘निष्ठा हाच सन्मान’ ही भाषा नाझींच्या एसएस दलाने आपल्या ब्रीदवाक्यात वापरली होती. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या हीदन (आसात्रूसारखे धर्म मानणाऱ्या) संस्थांनी ‘जाहीरनामा १२७’ काढून अशा वंशवादी गटाशी संबंध तोडले. आकडा हावामालच्या १२७व्या कडव्याचा. ‘नऊ उदात्त गुण’ नावाची यादीही कुणी पुढे करील. वाचायला हरकत नाही, पण ती १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाली आहे, व्हायकिंगांची नव्हे.

शब्द देण्याआधी समोर कोण आहे ते पाहा, हेही यातलंच. आणखी एका सागेत ग्रेटिर हा हद्दपार माणूस हेग्रानेसच्या सभेत ‘गेस्ट’ असं खोटं नाव सांगून आला आणि कुस्ती खेळण्याआधी त्याने अभय मागून घेतलं. पूर्ण मंत्र म्हणून त्याला ते दिलं गेलं. कपडे उतरवल्यावर लोकांनी ओळखलं. त्यांच्यातल्याच कित्येकांना तो मेलेला हवा होता. वाद झाला, आणि तरी त्याला जाऊ दिलं.

शपथ मोडली तर

‘व्होलुस्पा’ या काव्यात शपथ मोडणारे आणि खुनी नास्त्रोंद या मृतांच्या किनाऱ्यावर जड प्रवाहांतून चालताना दिसतात. ‘सिग्रद्रीफुमाल’मध्ये शब्द मोडणाऱ्याला ‘वार्ग’ म्हटलंय. त्या शब्दाचा अर्थ लांडगा आणि समाजाबाहेर काढलेला माणूस, दोन्ही. वाचून घाबरायला होतं. पण तो शब्द मुख्यतः खोटी शपथ वाहणाऱ्यासाठी आणि विश्वासघातक्यासाठी आहे. प्रयत्न करून हरलेल्याला भरपाईची वाट मोकळी असते. जुन्या आइसलँडात माणूस मारल्याचीही भरपाई ठरत असे.

मुदत हुकणार असं दिसताच, मुदत उलटण्याआधी, साक्षीदारांना सांगा. काय झालं ते दोन वाक्यांत. कारणांची यादी नको. ठरलेली भरपाई सात दिवसांत भरा आणि पावती दाखवा. कुणाचं नुकसान झालं असेल तर आधी त्याचं भरा, देवाला मागाहून. देवासमोर मोठं ताट मांडून माणसाचं देणं फिटत नाही, आणि इथे गंगास्नानही नाही. शपथ थेट देवाला होती आणि पाळणं अशक्य झालं, तर बोललेल्याच्या दुप्पट द्यावं, अशी रीत बऱ्याच ठिकाणी आहे. हे मिटेपर्यंत नवी शपथ घेऊ नका. एक मोडली म्हणून ती झाकायला दुसरी मोठी घेणं हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा आहे.

पूर्ण झाली तर पुढच्या सुंबलमध्ये वही घेऊन जा. साक्षीदार ती चाळतात, कडं पुन्हा दोघांच्या हातात येतं, तुम्ही ‘झाली’ म्हणता आणि घोट घेता. नोंदीखाली तारीख आणि दोघांच्या सह्या झाल्या की ती शपथ तुमच्यावर राहत नाही. कडं पुसा, तेल लावा, सुती कापडात गुंडाळून ठेवा; प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात गंज चढतो.